दुधी धरतो आणि गळतो! गच्चीवरच्या भाजीची रडगाणी इथे गा

गच्चीवरची · 9 ऑगस्ट, सकाळी 8:50

नमस्कार मंडळी. मृगाच्या आसपास दोन ड्रमांत दुधी लावला. पुणे, चौथा मजला, वर उघडी गच्ची, सोसायटीशी भांडून मिळवलेली परवानगी. वेल काय माजलाय म्हणून सांगू! टाकीच्या शिडीवर चढलाय, पानं ताटाएवढी, कळ्या रोज नव्या. पण दुधी म्हणाल तर एक नाही. बोटाएवढा होतो, आम्ही घरातले सगळे बारशाला जमल्यासारखे त्याच्याभोवती जमतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोकाकडून पिवळा पडून गळतो. आजवर अकरा गेले. मी मोजते म्हणून नवरा हसतो.

आत्तापर्यंतचे उपाय: गांडूळखत तीनदा, कांद्याच्या सालांचं पाणी, आंबट ताक, आणि नर्सरीत मिळालेली एक बाटली. "फूलगळीवर रामबाण", साडेतीनशे रुपये, आत काय आहे ते बाटलीवर कुठेच लिहिलेलं नाही. फरक शून्य.

मिरचीची पानंही चुरगळलीत आणि टोमॅटोच्या बुडाला काळे डाग पडतायत. पण आधी दुधी. जीव त्याच्यात अडकलाय.


उंटावरचा_शहाणा · 9 ऑगस्ट, सकाळी 9:15

अकरा? क्रिकेटची टीम झाली की. बारावा राखीव ठेवा.


दापोलीकर · 9 ऑगस्ट, सकाळी 10:02

ताई, दोन प्रश्न. गच्चीवर किती वाजता जाता? आणि फुलं उमललेली बघितलीत का कधी?


गच्चीवरची · 9 ऑगस्ट, सकाळी 10:20

साडेआठला जाते पाणी घालायला. फुलं तेव्हा मलूल, मिटल्यासारखी असतात. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून संध्याकाळचंही सुरू केलं. म्हणजे घालतो नवरा, सहाच्या आत, मी घरी यायच्या आधी. आता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं, उमललेलं फूल मी खरंच बघितलेलं नाही!


दापोलीकर · 9 ऑगस्ट, दुपारी 1:40

मग सापडलं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रभर उघडं असतं आणि उन्हं चढायच्या आत कोमेजतं. त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः रात्रीचे पतंग. रानात, परसात ते येतात. तुमच्या चौथ्या मजल्यावर, सगळीकडून दिवे लागलेल्या वस्तीत, किती येणार? पराग मिळाला नाही की वेल ते फळ सोडून देतो. ते गळणं म्हणजे रोग नव्हे. वर कितीही ताक ओता, जे लग्न लागलंच नाही त्याला मूल कुठून होणार?

आज संध्याकाळी सात वाजता बॅटरी घेऊन वर जा. दोन तऱ्हेची फुलं दिसतील. लांब बारीक देठावरचं, मागे काही नसलेलं ते नर. ज्याच्या मागे इवलासा लवदार दुधी आधीपासून चिकटलेला असतो ते मादी. म्हणजे तुम्ही ज्या बोटाएवढ्या दुधीच्या आशेवर बसता, तो फळ धरण्याआधीपासूनच तिथे असतो. त्यामुळेच "धरला आणि गळला" असं वाटतं. खरं तर धरलेलाच नसतो.

नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे मुडपा, मधला परागाचा दांडा मोकळा होईल. तो मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवा, सगळ्या बाजूंनी. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. पाऊस असेल तर त्या फुलावर कागदाची टोपी घाला, ओल्या परागाचा उपयोग होत नाही. आणि देठाला लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे कुठलं केलं, कुठलं राहिलं ते कळतं. जमलं असेल तर चार-पाच दिवसांत तो दुधी मान खाली घालून भराभर वाढू लागतो.


पालथा_घडा · 9 ऑगस्ट, दुपारी 2:05

आयला. मी तीन वर्षं ती मागे काही नसलेली फुलं बघून "वांझ वेल" म्हणून उपटून टाकत होतो.


कृष्णाकाठ · 9 ऑगस्ट, रात्री 9:30

दापोलीकरांचं बरोबर आहे. त्यात भर घालतो. ताई, वेल माजलाय म्हणताय, पानं ताटाएवढी म्हणताय, आणि वर आणखी गांडूळखत तीनदा. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की वेलवर्गीय पिकं पानांवर आणि नर फुलांवर जोर काढतात. आता महिनाभर खत बंद. द्यायचंच तर मूठभर लाकडाची राख बुंध्यापासून वीतभर लांब, तीही एकदाच.

दुसरं, शेंडा खुडा. मुख्य वेलीवर नर फुलं जास्त येतात, मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर. मुख्य वेल पाच-सहा फुटांचा झाला की शेंडा खुडायचा, बगलफुटी निघतात. तुमचा शिडीवर गेलाय म्हणजे उशीर झालाय, तरी आजच खुडा.

आणि घटक न लिहिलेली बाटली झाडावर तर नकोच, सिंकमध्येसुद्धा ओतू नका. त्यात काय आहे ते विकणाऱ्याला तरी माहीत आहे का, हा प्रश्न आहे. आमच्याकडे रानात असली बाटली मारून पीक पिवळं पडलेलं मी डोळ्याने बघितलंय.


जर्सीतला_कढीपत्ता · 9 ऑगस्ट, रात्री 11:10

मी न्यू जर्सीहून. इथे आम्हा सगळ्या देशी मंडळींचं दरवर्षीचं दुखणं: मे अखेरीस रोप बाहेर लावायचं, जून-जुलै नुसती नर फुलं. माझी आई फोनवर म्हणायची, "तुमची माती खोटी आहे." माती खोटी नव्हे, दिवस मोठा! इथे जूनमध्ये पंधरा तास उजेड. दिवस मोठा आणि उष्मा जास्त असला की ह्या वेलींना नर फुलं जास्त येतात. ऑगस्टमध्ये दिवस आखडायला लागला की मादी फुलं दिसू लागतात, आणि ऑक्टोबरात थंडी येऊन खेळ खलास. त्यामुळे मधल्या दोन महिन्यांत आम्ही नवरा-बायको रोज संध्याकाळी अंगणात बॅटरी घेऊन फिरतो. शेजारच्या आजोबांनी एकदा विचारलं की काही हरवलंय का.


गच्चीवरची · 10 ऑगस्ट, रात्री 8:45

आत्ताच वरून आले. बाई गं! इतकी सुंदर फुलं आहेत आणि मी जूनपासून एकदाही बघितली नाहीत. कागदासारखी पातळ, पांढरीशुभ्र. मादी फुलं सहा सापडली, सगळ्यांना दोरे बांधले. नवरा बॅटरी धरून उभा होता, म्हणाला हे आपण कोणाला सांगायचं नाही.

शेंडाही खुडला. हात थरथरत होता.


शहाबादी_फरशी · 11 ऑगस्ट, सकाळी 7:55

मधेच तोंड घालतो. मी बांधकामातला माणूस. ताई, ड्रम केवढे आहेत आणि कुठे ठेवलेत? 200 लिटरचा ड्रम आडवा कापून अर्धा केला तरी शंभर लिटर. त्यात निव्वळ माती भरून ती पावसात भिजली की दीडशे किलोच्या वर जाते. असले चार-सहा ड्रम स्लॅबच्या मधोमध नकोत. खाली कॉलम-बीम आहेत त्या कडेला घ्या, विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालून पाणी वाहतं आणि वॉटरप्रूफिंग तपासता येतं. आत निम्म्याहून जास्त पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, उसाची चिपाडं घाला, माती वरच्या थरात. सोसायटीची परवानगी गळती लागेपर्यंतच टिकते.


गच्चीवरची · 11 ऑगस्ट, सकाळी 9:10

@शहाबादी_फरशी, अर्धेच ड्रम आहेत, कठड्याच्या कडेला, विटांवर. निम्मा पालापाचोळा. पास का?


शहाबादी_फरशी · 11 ऑगस्ट, सकाळी 9:12

पास.


बाल्कनी_बहाद्दर · 11 ऑगस्ट, सकाळी 11:30

मिरचीचं पण बोला ना. माझ्याकडेही तेच. पानं चुरगळून गोळा झालीत. दुकानदार म्हणतो व्हायरस आहे, एक पुडी देतो, सगळं साफ.


कृष्णाकाठ · 11 ऑगस्ट, रात्री 9:05

व्हायरसवर कुठलीच पुडी चालत नाही. तो झाडात शिरला की शिरला.

आमच्याकडे ह्याला सरसकट "बोकड्या" म्हणतात, पण कारणं निरनिराळी असतात. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं, देठ लांबलेला, तर कोळी. हा कोळी म्हणजे जाळं विणणारा नव्हे, डोळ्याला न दिसणारा. दोन्हींपैकी काहीच पटत नसेल, पानं बारीक, पिवळट, शिरा जाड, झाड खुरटलेलं, तर व्हायरस, आणि तो पांढरी माशी आणते. ते झाड उपटून पिशवीत बांधून फेका, शेजारच्या कुंडीची दया येत असेल तर.

फुलकिडे बघायचे तर पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. तिळाच्या चौथाईएवढे पिवळट किडे पळताना दिसतात. त्यावर निंबोळी तेल: एक लिटर कोमट पाण्यात आधी भांड्यांच्या लिक्विड साबणाचे पाच-सहा थेंब, मग 5 मिली तेल, चांगलं घुसळून, संध्याकाळी, आणि पानाच्या खालून. खालून हे महत्त्वाचं. लोक वरून अभिषेक करतात, किडे खाली आरामात बसलेले असतात. दर सहा-सात दिवसांनी, तीनदा. पाऊस आला तर पुन्हा मोजणी एकपासून.

कोळी असेल तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. पण तेल आणि गंधक ह्यांच्यात दोन आठवडे अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. कडक उन्हाळ्यातही गंधक नको.


निशाचर_पेशवा · 11 ऑगस्ट, रात्री 10:40

एवढा कुटाणा कशाला? द्राक्षबागेत मारतात तसलं एखादं जोरदार औषध आणायचं, एका फवाऱ्यात साफ.


नाशिकची_वेल · 12 ऑगस्ट, सकाळी 6:50

आमची द्राक्षबाग आहे म्हणून सांगते. बागेत औषध मारलं की काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते वेळापत्रकावर लिहिलेलं असतं आणि आम्ही ते पाळतो. तुम्ही सकाळी फवारून दुपारच्या वरणाला मिरची तोडणार. बाल्कनीत, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. नको हो.

आणि पिठ्या ढेकूण कोणाकडे असतील तर एक गोष्ट ऐका. कापसासारखं पांढरं दिसलं की सगळे चिरडायला धावतात. त्यातच कधी कधी एक जास्त मोठी, जास्त झिपरी, भराभर चालणारी पांढरी अळी असते. ती पिठ्या ढेकणाची नसतेच! ती त्यांना खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी, क्रिप्टोलीमस. आम्ही ते भुंगेरे विकत आणून बागेत सोडतो, आणि गच्चीवर फुकट आलेल्यांना लोक टूथब्रशने मारतात. जे हलत नाही ते चिरडा, जे पळतंय त्याला पळू द्या.

मुंग्यांचा बंदोबस्त मात्र आधी करा. त्या ढेकणांचा गोड चिकटा चाटतात आणि बदल्यात त्यांची राखण करतात. कुंडीचे पाय पाण्याच्या ताटलीत ठेवा म्हणतात, पण पावसाळ्यात त्या ताटल्यांत डासांची अंडी होतात. डेंग्यू ओढवून घेण्यापेक्षा कुंडीच्या कडेला बोटभर ग्रीस फासलेलं बरं.


गच्चीवरची · 12 ऑगस्ट, सकाळी 8:30

माझ्या मिरचीची पानं खाली वळलीत. म्हणजे कोळी. एवढे दिवस मी "व्हायरस, व्हायरस" म्हणत गळे काढत होते.

टोमॅटोचं कोणी सांगेल का? बुडाला काळा, चामड्यासारखा खोलगट डाग. अंड्याची टरफलं कुटून घातलीत, दोन डझनांची तरी.


अळूचं_फदफदं · 12 ऑगस्ट, सकाळी 9:00

कॅल्शियम कमी. खायचा चुना पाण्यात ढवळून वरची निवळी घाला. माझ्या सासूबाईंचा उपाय, नेहमी चालतो.


दापोलीकर · 12 ऑगस्ट, दुपारी 12:20

सासूबाईंचा मान राखून बोलतो. कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही हे खरं, पण बहुतेक वेळा मातीत त्याची कमतरता नसते. ते पाण्याच्या ओघाबरोबरच फळात जातं. कुंडी एक दिवस कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की ओघ तुटतो आणि फळाचं टोक उपाशी राहतं. टरफलं कुजायला पुष्कळ महिने लागतात, ह्या हंगामाच्या टोमॅटोला ती मिळायची नाहीत. चुन्याची निवळी एखाद्या वेळी ठीक, आमच्या जांभ्याच्या आंबट मातीत तर बरीच. पण पुण्याच्या काळ्या मातीत चुना मुळातच भरपूर असतो.

उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे. घड्याळ बघून पाणी घालू नका. बोट मातीत दोन पेरं खुपसा. ओल लागली तर परत फिरा. वर चार बोटं पाचट किंवा सुकी पानं अंथरा. डाग पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. पुढची बघा.


गच्चीवरची · 12 ऑगस्ट, दुपारी 12:45

गेल्या आठवड्यात आम्ही तीन दिवस गावाला गेलो होतो. आल्यावर अपराधी वाटून दोन बादल्या ओतल्या होत्या. असो.


पालथा_घडा · 12 ऑगस्ट, संध्याकाळी 6:15

माझं वांगं काल दुपारपर्यंत झकास होतं, आज अख्खं झाड मान टाकून. पानं हिरवीच आहेत. पाणी घातलं, उठत नाही. रत्नागिरीत आहे मी.


दापोलीकर · 12 ऑगस्ट, रात्री 7:30

हिरवंगार असताना एकदम मान टाकली म्हणजे मला जिवाणूजन्य मर (जिवाणूंमुळे झाड सुकण्याचा रोग) वाटते, कोकणात ती फार. खात्री करायची तर बुंध्याजवळचा खोडाचा वीतभर तुकडा कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात खालचं टोक बुडवून स्थिर धरा. काही मिनिटांत दुधासारखी पांढरी धार खाली उतरली तर तीच.

तसं असेल तर ते झाड वाचत नाही. मातीसकट बाजूला काढा, आणि त्या कुंडीत दोन-तीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा काहीही नको. भेंडी, चवळी, पालेभाज्या लावा. विळी-कात्रीही धुवून घ्या, नाहीतर तुम्हीच रोग वाटत फिराल.

धार नाही आली तर कुंडी उलटी करून मुळं बघा. कृष्णाकाठ, हुमणीचं तुम्ही सांगा.


कृष्णाकाठ · 12 ऑगस्ट, रात्री 9:50

जाडजूड, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वेटोळं घालून बसलेली अळी म्हणजे हुमणी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून बऱ्याचदा कुंडीत येते. हाताने वेचा, कोंबडीला घाला. शेणखत घेताना मुठीत घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला तर ते अजून खत झालेलं नाही.


पालथा_घडा · 13 ऑगस्ट, सकाळी 8:10

धार आली. अगदी दुधासारखी. वाईट वाटलं आणि बघायला मजाही वाटली.


बाल्कनी_बहाद्दर · 13 ऑगस्ट, सकाळी 10:00

कोथिंबीर उगवतच नाही. धने घरातलेच पेरले.


अळूचं_फदफदं · 13 ऑगस्ट, सकाळी 10:25

धने जुने असतील. नवे आणा, चपलेने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, पाऊण इंच खोल पेरा. दहा-बारा दिवस धीर धरा, उकरून बघू नका. आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात लावून माझ्याकडे तक्रार आणू नका. उगवली तरी लगेच फुलावर येते.


गच्चीवरची · 17 ऑगस्ट, रात्री 9:00

सहापैकी चार धरले!! चौघांनी माना खाली घातल्यात. सर्वांत मोठा वीतभर. दोन गळाले, त्या रात्री पाऊस आला होता आणि मी टोप्या घातल्या नव्हत्या.

पण धरलेल्यांतल्या एकावर डिंकासारखा थेंब दिसतोय, आणि तिथे फळ वाकडं होतंय. आता हे काय?


कृष्णाकाठ · 17 ऑगस्ट, रात्री 9:40

फळमाशीने डंख मारून अंडी घातली. तो एक गेला. तोडा, पण कंपोस्टात किंवा कुंडीच्या कडेला टाकू नका. आतल्या अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि पुन्हा माश्या होऊन येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस उन्हात तापवा, मग कचऱ्यात.

उरलेल्या तिघांना आजच वर्तमानपत्राची किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी घाला, खालचं तोंड थोडं उघडं. कामगंध सापळा (वासाने नर माश्यांना ओढून पकडणारा) लावायचा असेल तर क्यू-ल्युअरवाला मागा. आंब्याच्या बागेतला मिथाईल युजेनॉलवाला काकडी-दुधीच्या माशीला चालत नाही. दुकानदार हातात येईल तो देतात.


गच्चीवरची · 23 ऑगस्ट, दुपारी 4:30

पहिला दुधी उतरवला. पावणेदोन फूट! नख सहज रुततंय, वर लव आहे.


जर्सीतला_कढीपत्ता · 23 ऑगस्ट, संध्याकाळी 5:00

अभिनंदन! शिजवण्याआधी एक चकती जिभेला लावून बघा हं. कडू लागला तर सरळ फेकायचा, "घरचा आहे" म्हणून मीठ-साखर घालून खपवायचा नाही. कडू दुधीच्या रसाने लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्यात, आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नका असं सांगितलंय. शिजवूनही तो कडूपणा जात नाही.


गच्चीवरची · 23 ऑगस्ट, रात्री 9:20

चकती खाल्ली, गोड निघाली. चणाडाळ घालून भाजी, सालांची तीळ घालून चटणी, आणि एक तुकडा शेजारच्या काकूंकडे पाठवला. त्यांचं काल कानावर आलं होतं की वरच्या मजल्यावरचे रात्री गच्चीत बॅटरी घेऊन काय करतात कोणास ठाऊक.


पालथा_घडा · 24 ऑगस्ट, सकाळी 7:40

वांग्याच्या जागी भेंडी पेरली. शेजारच्या मोकळ्या कुंडीत घोसाळं आणि दोडका आहे, कळ्या आल्यात. ह्यांच्याकडेही रात्रीच जायचं का?


दापोलीकर · 24 ऑगस्ट, सकाळी 8:15

दोडका संध्याकाळी, दुधीसारखाच. घोसाळं मात्र पहाटे उमलतं, तिथे सकाळी सातच्या आत जा. कारलं, काकडी, भोपळाही सकाळचेच.


पालथा_घडा · 24 ऑगस्ट, सकाळी 8:20

म्हणजे दोन गजर.